नमस्कार घालणारा राजा

१८९७ च्या सुमारास औंधच्या राजघराण्यातल्या एका तरुणाने विलायतेहून व्यायामाचे सामान मागवले. युजीन सँडो या जगप्रसिद्ध पहिलवानाने बाजारात आणलेली ती साधने आणि सोबत त्याचे पुस्तक. सँडोच्या पिळदार देहाची छायाचित्रे तेव्हा युरोपभर विकली जात होती. तरुण पदवीधर होता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेला, वय अठ्ठावीस-एकोणतीस. पुढची सुमारे दहा वर्षे त्याने सँडोच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. दंड भरले, छाती रुंदावली. आणि मग हे सगळे बाजूला ठेवून तो घरातल्याच एका जुन्या व्यायामाकडे वळला, ज्याला सामान लागत नव्हते, पुस्तक लागत नव्हते आणि अंगभर पसरलेल्या एका सतरंजीपेक्षा जास्त जागाही लागत नव्हती.

हा तरुण म्हणजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानचे पुढे झालेले राजे. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. सूर्यनमस्कार आज शाळेच्या पटांगणापासून परदेशातल्या योगवर्गांपर्यंत पोहोचले आहेत. त्यांना आरोग्याचा रोजचा, मोजून घ्यायचा डोस म्हणून उभे करण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. डॉक्टर हल्ली जीवनशैली-वैद्यक नावाच्या शाखेबद्दल बोलतात. म्हणजे आहार, हालचाल, झोप, मनावरचा ताण, व्यसने आणि माणसामाणसांतले संबंध यांचाच औषधासारखा विचार करायचा. या शाखेला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी माणदेशाच्या कडेला एका राजाने तिचा एक प्रयोग स्वतःच्या शरीरावर आणि मग स्वतःच्या प्रजेवर करून पाहिला. त्यात जे बरोबर होते ते आजही उपयोगाचे आहे. जे चुकीचे होते तेही तितकेच उपयोगाचे आहे.

फलटणहून मोगराळ्याचा घाट चढून दहिवडीकडे गेले की पाऊस कमी होत जातो. औंध या कोरड्या टापूच्या काठावर, खटाव तालुक्यात. वर टेकडीवर यमाईचे देऊळ, खाली गाव आणि वाडा. संस्थान लहान आणि त्यातही तुकड्यातुकड्यांचे. औंध इकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ पार विजापूरकडे. फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट ही सगळी इंग्रजी दप्तरात साताऱ्याची जहागीर म्हणून एका ओळीत बसणारी शेजारी संस्थाने. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नीरेच्या कालव्याचे पाणी आल्यावर फलटणच्या भागात ऊस वाढला आणि १९३० च्या दशकात साखरवाडीला साखर कारखाना निघाला. त्याच सुमारास शेजारचा राजा लोकांना कमी आणि साधे खा, पहाटे उठा, नमस्कार घाला असे सांगत फिरत होता.

नमस्कार त्यांना नवे नव्हते. वडील श्रीनिवासराव नेमाने नमस्कार घालत. सज्जनगडाच्या या मुलुखात समर्थांच्या रोजच्या बाराशे नमस्कारांची परंपरा घरोघरी सांगितली जाई. पण सुशिक्षित तरुणाला त्यात व्यायाम दिसण्याऐवजी देवधर्म दिसावा आणि व्यायाम म्हणून त्याने सँडोकडे पाहावे, हे त्या काळाला धरूनच होते. १९०८ मध्ये मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आग्रहावरून पंतप्रतिनिधींनी नमस्कार मनावर घेतले. ते सुटले नाहीत. रोज तीनशेच्या आसपास. मिनिटाला पाच धरले तरी एक तास. पहाटे उठून, सूर्याची नावे आणि बीजमंत्र म्हणत, फिरतीवर असतानाही.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते गादीवर आले. त्या वेळची प्रजा कशाने मरत होती हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. देवी, पटकी, हिवताप, क्षय आणि १८९६ नंतर प्लेग. साने गुरुजी लहानपणी शिक्षणासाठी औंधला आले होते आणि प्लेगच्या साथीमुळे त्यांना तिथून निघावे लागले. मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा. यांपैकी कशावरही नमस्कार हा उपाय नव्हता. प्लेगला उंदीर आणि पिसवा आवरायला हव्या होत्या, पटकीला शुद्ध पाणी हवे होते. पंतप्रतिनिधींचा व्यायाम ज्या रोगांवर खरोखर चालतो ते रोग, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, त्यांच्या प्रजेत तेव्हा फार थोड्यांना होत. एका अर्थाने औषध शंभर वर्षे आधी आले.

तरी त्यांनी ते द्यायला सुरुवात केली आणि डोस ठरवून दिला, ही त्यातली खरी नवी गोष्ट. संस्थानच्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले, मुलांना आणि मुलींनाही. वयाप्रमाणे संख्या वाढत जाई. प्रत्येक स्थितीत हात कुठे, गुडघा कुठे, श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा हे छायाचित्रांसह छापून काढले गेले. पंतप्रतिनिधींच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. उभे राहून हात जोडायचे, वाकून तळवे जमिनीला टेकवायचे, एक पाय मागे, मग दुसरा, मग साष्टांग, छाती उचलून मान वर, कंबर वर उचलून शरीराची कमान आणि त्याच वाटेने परत. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थिती शिकवतात. फरक किरकोळ आहे.

या दहा हालचालींत घडते काय? मांड्या, नितंब, पाठ, छाती, खांदे या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंना आळीपाळीने ताण आणि भार मिळतो. स्वतःचे वजन हेच वजन. सावकाश घातले तर ते ताणण्याचे व्यायाम होतात. न थांबता, लय धरून घातले तर नाडी वाढते, श्वास भरतो आणि भरभर चालण्याच्या तोडीचा व्यायाम होतो. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहताही ओढून घेतो. ज्याच्या शरीरात इन्सुलिन आहे पण त्याचे कोणी ऐकत नाही, अशा टाइप २ मधुमेहाच्या माणसाला हा मागच्या दाराने होणारा उपसा मोलाचा असतो. पंतप्रतिनिधींना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. इन्सुलिन वेगळे काढले गेले तेच १९२१ मध्ये.

व्यायामाबरोबर आहारही होता. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट दळलेला गहू, दूध, कच्च्या भाज्या. चहा, कॉफी, तंबाखू आणि दारू यांच्याशी वैर. चहाचा मुद्दा सोडला तर आजचा आहारतज्ज्ञ या यादीवर फारशी फुली मारणार नाही.

राजाच्या दिवसात एवढेच नव्हते. ते कीर्तन करीत, चित्रे काढीत आणि चित्रे जमवीत. औंधच्या टेकडीवरचे श्रीभवानी संग्रहालय त्यांच्याच संग्रहातून उभे राहिले. तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले आई आणि मुलाचे शिल्प पाहून आजही माणूस चकित होतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना भांडारकर संस्थेपुढे त्यांनी मांडली आणि एक लाख रुपये देऊ केले. बेळगावातून उठलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये औंधला आले, त्यांचा स्वाध्याय मंडळ तीस वर्षे तिथे चालला. योगासने आणि सूर्याच्या व्यायामावर सातवळेकरांनीही लिहिले. दोघे जवळजवळ एका वयाचे, दोघांना चित्रकलेचा नाद. औंधच्या वाड्यावर सूर्योपासनेला अभ्यासाची आणि छपाईची जोड मिळाली ती या सहवासातून.

१९३६ मध्ये पंतप्रतिनिधी इंग्लंडला गेले. वय सदुसष्ट. लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची भेट घेतली आणि समोरचा माणूस एवढ्या वयाचा आहे हे त्यांना खरे वाटेना. बाईंनी लिहिले, वाचकांनी, विशेषतः इंग्रज गृहिणींनी, अधिक माहिती मागितली. त्यातून १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनाने एक पुस्तक काढले, नाव द टेन-पॉइंट वे टू हेल्थ. माजघरात, स्वयंपाकाच्या कामातून वेळ काढून, कोणत्याही साधनाशिवाय करता येणारा व्यायाम म्हणून ते खपले. त्याच दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातही सूर्यनमस्काराचे वर्ग चालत होते. योगासनांच्या क्रमात नमस्कार मिसळून पुढे जगभर गेले ते मुख्यतः त्या वाटेने. आज न्यूयॉर्कमध्ये कोणी सूर्यनमस्कार घालताना औंधचे नाव घेत नाही. पण नमस्कार हा स्वतंत्र, पुरेसा, सगळ्यांसाठीचा व्यायाम आहे ही मांडणी आधी औंधहून निघाली होती.

आता त्यांच्या चुकीबद्दल. पंतप्रतिनिधी नमस्कारांच्या बाबतीत प्रचारक होते आणि प्रचारकाला थांबायचे कुठे ते कळत नाही. नमस्कार आणि योग्य आहार एवढे पाळले की बहुतेक आजार जवळ येणारच नाहीत, वैद्याची गरज उरणार नाही, असा त्यांचा सूर होता. पुरावा म्हणून ते स्वतःकडे, राणीसाहेबांकडे, मुलाबाळांकडे आणि शाळेतल्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखवत. हा पुरावा नव्हे. राजाच्या घरी दूधतूप होते, स्वच्छ पाणी होते, आजारी पडल्यावर विश्रांती होती. नमस्कार न घालणारा दुसरा तसाच राजा शेजारी उभा करून दोघांना वीस वर्षे पाहिल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही. सँडो अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला, पंतप्रतिनिधी ब्याऐंशी वर्षे जगले आणि सातवळेकर शंभरी गाठून गेले. तिघांचे जन्म दोन वर्षांच्या आतले. गप्पांमध्ये रंगवायला ही जुळणी झकास आहे. शास्त्राच्या दृष्टीने तिची किंमत शून्य.

खरा पुरावा आला तो राजे गेल्यानंतर. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या हजारो कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वरखाली करत तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. गणवेश एक, मालक एक, रस्ते एक, फरक मुख्यतः हालचालीचा. पुढे अमेरिकेत ३,२३४ माणसांवर प्रयोग झाला. या सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल आणि सात टक्के वजन घटवण्याचा प्रयत्न करणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २००२ चे. २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी भारतीय माणसांवर तसाच अभ्यास केला. जीवनशैलीतल्या बदलाने २८.५ टक्के घट झाली आणि गोळीने २६.४. म्हणजे आपल्याकडे फायदा अमेरिकेइतका मोठा दिसला नाही, पण गोळीच्या बरोबरीचा दिसला. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त रुग्ण असल्याचे सांगितले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, सुमारे साडेतेरा कोटी. आहार-विहाराची चिठ्ठी औषधाच्या चिठ्ठीबरोबर लिहावी असे डॉक्टर म्हणू लागले ते या आकड्यांमुळे.

यात सूर्यनमस्कारांची जागा कोणती? या मोठ्या अभ्यासांत नमस्कार नव्हते, चालणे होते. नमस्कारांवर झालेले अभ्यास त्या मानाने लहान आहेत. दम वाढतो, लवचीकता आणि स्नायूंची ताकद वाढते, हे त्यांत दिसते. त्यापलीकडचे दावे अजून दावेच आहेत. नमस्कार हा मध्यम ते जोराचा व्यायाम आहे आणि घरात, पावसाळ्यात, पैशाशिवाय करता येतो, एवढे त्याच्या बाजूने पुरेसे आहे. मात्र रक्तदाब आटोक्यात नसलेल्याने, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्याने, मणक्याचे दुखणे असलेल्याने किंवा गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नयेत. डोके खाली जाते तिथे डोक्याकडचा दाब वाढतो, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी शंभर नमस्कार घातले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. आणि चालू औषध आपल्या मनाने बंद करणे ही तर पंतप्रतिनिधींच्या उत्साहाची जशीच्या तशी नक्कल होईल.

त्यांच्या प्रयोगात आणखी एक अडचण होती, आणि ती वैद्यकाची नव्हती. नमस्कार कोणाला सांगायचे? आटपाडीच्या रानात दिवसभर मोट हाकणाऱ्या, डोक्यावरून लांबून पाणी आणणाऱ्या माणसाच्या अंगाला हालचालीची कमतरता नव्हती. कमतरता होती अन्नाची. वर्षाआड पडणाऱ्या दुष्काळात भाकरीच पुरत नव्हती, तिथे हातसडीच्या तांदळाची महती कोणापुढे सांगायची? शाळेत येणाऱ्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, मोकळ्या अंगाने व्यायाम करायला मिळाला हा मोठाच लाभ झाला. ग. दि. माडगूळकर, शंकरराव खरात अशी या संस्थानच्या खेड्यांतली गरीब मुले औंधच्या शाळेत शिकली. पण आरोग्य हुकमाने देता येते असे मानणारा राजा आणि त्याची प्रजा यांच्यात अंतर राहणारच. आजही कपाळाला आठ्या घालून रोज चालायला जा म्हणणारा डॉक्टर आणि बारा तासांच्या पाळीवरून आलेला रुग्ण यांच्यात तेच अंतर असते.

पंतप्रतिनिधींच्या बाबतीत हुकमाचा प्रश्न एका वेगळ्याच दिशेने सुटला. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि वर्ध्याला महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून औंधची नवी राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, गावांतून तालुका, तालुक्यांतून विधिमंडळ. वयाच्या सत्तराव्या वर्षी राजाने सत्ता लोकांच्या हाती दिली आणि स्वतः नाममात्र उरला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, जिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा माडगूळकरांनीच लिहिली. सत्ता सोडल्यावर नमस्कार मात्र सोडले नाहीत. आता ते हुकूम करू शकत नव्हते, फक्त करून दाखवू शकत होते.

८ मार्च १९४८ रोजी औंध, फलटण आणि दख्खनमधली इतर संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. गांधीहत्येनंतरच्या दंगलीच्या त्या दिवसांत सातवळेकरांनी औंध सोडले आणि गुजरातेत पारडीला बिऱ्हाड केले. पंतप्रतिनिधी १३ एप्रिल १९५१ रोजी गेले. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आफ्रिकेपासून युरोपपर्यंत अनेक देशांत राहिले, आणि १९७० मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. वडिलांच्या पुस्तकापेक्षा पानांनी ते बरेच कमी आहे.